जनुकाचा पत्ता

नेदरलँड्समधल्या एका घराण्यात एक बिघडलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आपल्या यकृताच्या पेशींवर एक प्रथिन असतं. रक्तातून वाहत आलेले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण पकडून पेशीत ओढून घ्यायचे, हे त्याचं काम. या प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात असतो, तेच या घराण्यातल्या अनेकांत सदोष आहे. आई आणि वडील अशा दोघांकडून जनुकाची एकेक प्रत येते. त्यातली एक बिघडलेली असली की कण उचलण्याची क्षमता निम्म्यावर येते आणि कोलेस्टेरॉल जन्मापासूनच दुपटीच्या आसपास राहतं. डॉक्टर या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात ‘एफएच’ म्हणतात. जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. उपचार न घेतलेल्या पुरुषाला चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराचा झटका येणं यात नवल नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर शाळकरी वयातसुद्धा झटका येतो.

पाठ्यपुस्तकात हे असंच लिहिलेलं असतं : जनुक बिघडलं, कोलेस्टेरॉल वाढलं, धमनी तुंबली. कारण आणि परिणाम एका ओळीत. डच संशोधकांनी मात्र एक वेगळा उद्योग केला. आजच्या रुग्णांपासून सुरुवात करून त्यांनी ही वंशावळ एकोणिसाव्या शतकातल्या एका जोडप्यापर्यंत मागे नेली. ज्यांच्या अंगी हे जनुक असण्याची शक्यता निम्मी होती अशा अडीचशे माणसांचे जन्म-मृत्यू त्यांनी नोंदवह्यांतून शोधून काढले, आणि त्याच वयाच्या, त्याच काळातल्या इतर डच माणसांच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला या घराण्यातली माणसं इतरांपेक्षा लवकर मरत नव्हती. जनुक होतं, कोलेस्टेरॉलही बहुधा चढलेलंच होतं, पण मृत्युदर चारचौघांसारखाच. १९१५नंतर आकडा वर चढू लागला. १९३५ ते १९६४ या काळात तो शिखराला पोचला : अपेक्षेच्या जवळजवळ पावणेदोन पट मृत्यू. त्यानंतर पुन्हा उतरण. घराण्याच्या दोन शाखांमध्येही फार मोठा फरक निघाला. एका शाखेतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या तिपटीहून जास्त होतं. जनुक एकच, मूळपुरुष एक, आणि आयुष्यं इतकी वेगळी.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या चार घराण्यांचा अभ्यास १९८६मध्ये छापून आला होता, त्यातही हेच दिसलं. हे जनुक बाळगणारे, १८८०च्या आधी जन्मलेले पणजोबा साठी-सत्तरी ओलांडून गेले, एक तर ऐंशीच्याही पुढे. त्यांचे पणतू पंचेचाळिशीच्या आसपास गेले. १९९८मध्ये चीनमधल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या चिनी रुग्णांची तुलना झाली. जनुकातला बिघाड तोच किंवा तशाच प्रकारचा. तरी कॅनडात राहणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल बरंच वर होतं, त्यांच्यातल्या काहींच्या स्नायुबंधांवर चरबीच्या गाठी होत्या, काहींना हृदयविकारही होता. चीनमध्ये राहणाऱ्यांत हे जवळजवळ दिसतच नव्हतं.

एफएच हा हृदयविकारातला सर्वांत ‘जनुकीय’ म्हणावा असा प्रकार. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं ते याच आजाराचा उलगडा करताना लागलेल्या शोधांसाठी. इतकं ठळक, एकटंदुकटं जनुकसुद्धा काळ आणि मुक्काम पाहून वागत असेल, तर ज्यात शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात आहे अशा रोजच्या हृदयविकाराबद्दल ‘किती टक्के जनुकं आणि किती टक्के परिस्थिती?’ हा प्रश्न विचारण्यात काय हशील, असं मला वाटतं. तो प्रश्न तरीही सारखा विचारला जातो. म्हणून आधी त्याचंच काय होतं ते पाहू.

स्वीडनमध्ये जुळ्यांची एक प्रचंड नोंदवही आहे. तिच्यातल्या एकवीस हजार जुळ्यांवरचा अभ्यास १९९४मध्ये आला. दोन भावांपैकी एक पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला, तर दुसऱ्याचा धोका किती? एकसारख्या जुळ्यांत तो आठपट निघाला आणि भिन्न जुळ्यांत जवळपास चौपट. एकसारख्या जुळ्यांची जनुकं शंभर टक्के सारखी, भिन्न जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच. तेव्हा हा जो फरक, तो जनुकांच्या खात्यावर जमा. पुढच्या विश्लेषणात पुरुषांमधल्या अशा मृत्यूंची आनुवंशिकता ५७ टक्के आणि स्त्रियांमधली ३८ टक्के निघाली. आकडे बरोबरच आहेत. पण ते स्वीडनमधल्या विसाव्या शतकातल्या माणसांचे आहेत. तिथे शाळा सगळ्यांना, दवाखाना सगळ्यांना, जेवण सगळ्यांना. परिस्थितीतली तफावत जितकी कमी, तितका उरलेला फरक जनुकांच्या नावावर जातो. आनुवंशिकतेचा आकडा हा त्या समाजाचा गुणधर्म असतो. तो जनुकाच्या अंगी चिकटलेला नसतो.

जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५मध्ये हाच मुद्दा सिगारेटच्या उदाहरणाने मांडला होता. समजा देशातला प्रत्येक माणूस दिवसाला वीस सिगारेट ओढतो. मग कुठलाही अभ्यास केला तरी फुप्फुसाचा कर्करोग हा आनुवंशिक आजार आहे असाच निष्कर्ष निघेल, कारण सगळेच ओढतात म्हटल्यावर कोणाला होतो आणि कोणाला नाही हे फक्त प्रकृतीवर ठरणार. सिगारेट नजरेआड होईल, कारण ती सर्वत्र आहे.

याच रोझ यांचं नाव आणखी एका अभ्यासाशी जोडलेलं आहे, आणि ऐपत व हृदय यांच्या नात्याविषयी बोलायचं तर त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. लंडनमधल्या व्हाइटहॉल या रस्त्यावर ब्रिटिश सरकारची मंत्रालयं आहेत. तिथल्या सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी १९६७पासून सुरू झाली. त्या काळी, आणि आपल्याकडे आजही, सर्वसाधारण समजूत अशी की हार्ट अटॅक साहेबाला येतो. साहेबाला टेन्शन, साहेबाला पार्ट्या, साहेबाच्या डोक्यावर जबाबदारी; शिपायाला काय, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेली की झालं. ही समजूत अगदीच हवेत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयशूळाचे रुग्ण खरोखरच खाऊनपिऊन सुखी वर्गातले असत. विल्यम ऑस्लर या नामांकित वैद्याने १९१०मध्ये आपल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांत डॉक्टरांचीच संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती.

व्हाइटहॉलने चित्र उलटं असल्याचं दाखवलं. मायकेल मार्मट, रोझ आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये निष्कर्ष छापले. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे दरवान, निरोप्ये अशा कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या साडेतीनपट होते. यातली खरी मेख मधल्या पायऱ्यांवर आहे. अगदी वरच्या अधिकाऱ्याच्या खालोखाल जो, तोही काही गरीब नव्हे. त्याचं घर, बागबगीचा, पगार सगळं ठीकच. तरी त्याचा धोका वरच्यापेक्षा जास्त. त्याच्या खालच्याचा आणखी जास्त. जिन्याच्या प्रत्येक पायरीगणिक धोका वाढत जातो. इथे उपाशी कोणी नव्हतं, बेकार कोणी नव्हतं, आणि सरकारी आरोग्यसेवा १९४८पासून सगळ्यांना फुकट होती.

खालच्या श्रेणीतले लोक जास्त सिगारेट ओढत, त्यांचा रक्तदाबही जास्त असे. पण हे सगळं हिशेबात धरून वजा केलं, तरी फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. कोलेस्टेरॉल तर वरच्या साहेबांचंच किंचित जास्त होतं! आणि एक मजेशीर बाब : उंची. खालच्या श्रेणीतले लोक सरासरीने बुटके होते, आणि बुटक्यांमध्ये मृत्यूही जास्त होते. उंची कोण ठरवतं? आईवडिलांची जनुकं, असं कोणीही सांगेल. पण दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडनच्या चाळीवजा वस्तीत वाढलेल्या पोराला दूध किती मिळालं, जुलाब किती वेळा झाले, यानेही उंची ठरते. पन्नाशीतल्या माणसाच्या उंचीची पट्टी त्याचं बालपण मोजते आणि वंशही मोजते. दोन्ही वेगळे काढून दाखवा म्हटलं तर पंचाईत.

पंचाईत होते कारण जनुकं आणि ऐपत दोन्ही एकाच दारातून येतात. बाप हृदयविकाराने पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मुलालाही त्याच वयात झटका आला, की आपण म्हणतो, ‘त्यांच्या घराण्यातच आहे.’ पण मुलाला बापाकडून जनुकांबरोबर आणखी पुष्कळ काही मिळालेलं असतं : तीच खोली, तीच तंबाखूची डबी, तळणीचं तेच तेल, तेच कर्ज. आणि बाप लवकर गेल्यामुळे अर्धवट सुटलेली शाळा. हे शेवटचं कुठल्याच वैद्यकीय फॉर्मवर येत नाही.

२०१६मध्ये अमेरिकेतल्या अमित खेरा आणि शेखर कथिरेसन यांच्या गटाने पंचावन्न हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. हृदयविकाराशी संबंधित असलेली जनुकीय सूत्रातली पन्नास ठिकाणं त्यांनी निवडली आणि प्रत्येक माणसाच्या वाट्याला धोक्याची किती रूपं आली याची बेरीज केली. वरच्या पाचव्या हिश्शातल्या लोकांचा धोका खालच्या पाचव्या हिश्शापेक्षा ९१ टक्क्यांनी जास्त निघाला. मग त्यांनी चार सवयी पाहिल्या : धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि बरा आहार. जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्या गटातसुद्धा, यातल्या किमान तीन पाळणाऱ्यांचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता. वर्तमानपत्रांनी याचा मथळा केला : जनुकं म्हणजे नशीब नव्हे, सवयी बदला. मला या मथळ्याचा थोडा राग येतो. अभ्यास उत्तम आहे, पण ‘सवय’ म्हटलं की ती माणसाच्या मर्जीवर सोडल्यासारखी होते. नियमित व्यायाम करायला दिवसाचा एक तास आपला लागतो आणि चालायला फुटपाथ लागतो. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या सुरक्षारक्षकाकडे दोन्ही नसतात. पहाटे चारला उठून मशेरी लावून कामाला निघणाऱ्या बाईला ती मशेरी भूक मारायलाही उपयोगी पडते. ज्या चार गोष्टी जनुकांचा जोर निम्म्यावर आणतात, त्यांचं वाटप समाजात समान झालेलं नाही. म्हणजे तेच जनुक एकाच्या घरी निम्म्या ताकदीचं आणि दुसऱ्याच्या घरी पूर्ण ताकदीचं.

याच्याही खोलात जाता येतं. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी सारख्याच जोराने काम करत नाहीत. काही चढलेली असतात, काही गप्प. मग सामाजिक स्थान थेट या चढउतारापर्यंत पोचतं का? माणसांवर हा प्रयोग करता येणार नाही. शंभर जणांना चिठ्ठ्या टाकून गरीब किंवा श्रीमंत करणं कोणाला शक्य आहे? पण माकडांमध्ये करता येतं. अटलांटाजवळच्या यर्कीस केंद्रात जेनी टंग आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींचे छोटे छोटे गट केले. या माकडिणींच्या समाजात कडक उतरंड असते, आणि बंदिस्त गटात जी आधी येते ती वर बसते, नंतर येणारी खाली. त्यामुळे कोणाला कितव्या क्रमांकावर बसवायचं हे संशोधकांच्या हाती होतं. खाणं सगळ्यांना सारखं आणि पोटभर. तंबाखू नाही, दारू नाही, दवाखाना सगळ्यांना एकच. व्हाइटहॉलमध्ये जे प्रश्न शिल्लक राहिले होते, ते इथे मुळातच काढून टाकलेले.

२०१२मध्ये आलेल्या निष्कर्षांत, एकोणपन्नास माकडिणींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली जवळपास हजार जनुकं त्यांच्या क्रमांकानुसार कमीजास्त चाललेली दिसली. खालच्या क्रमांकाच्या माकडिणींमध्ये दाह निर्माण करणारी जनुकं चढलेली होती. नुसता रक्ताचा नमुना पाहून माकडीण वरची की खालची हे दहातल्या आठ वेळा बरोबर ओळखता येत होतं. आणि अभ्यासाच्या काळात ज्या मोजक्या माकडिणींचा क्रमांक बदलला, त्यांच्या जनुकांची चाल नव्या क्रमांकाप्रमाणे बदलली. २०१६मध्ये गट मोडून पुन्हा बांधले गेले, तेव्हाही खालच्या पायरीवर दाहाचा सूर चढाच निघाला. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठणं आणि फुटणं यात दाहाचा मोठा वाटा असतो, हे हृदयरोगतज्ज्ञ कधीपासूनच मानतात. माकडांवरून माणसांकडे उडी मारताना जपून मारावी हे खरं. तरी निरोप्याच्या छातीतलं दुखणं त्याच्या हुद्द्यापर्यंत कुठल्या वाटेने जात असेल, याची एक खूण इथे सापडते.

आता पुण्याकडे वळू, कारण या विषयातला एक महत्त्वाचा धागा पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून जातो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात आपल्याकडचं मधलं वय त्रेपन्न निघालं. ‘आपली जनुकंच तशी’ हे यावरचं सोपं उत्तर. पुण्यातल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांच्या गरोदरपणापासून हा प्रश्न तपासायला घेतला. तिथे जन्मणाऱ्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान : स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. कातडीखालची चरबी मात्र तितकी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. हीच ठेवण पुढे मधुमेह आणि हृदयविकाराला पोषक ठरते. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१ टक्के.

ही ठेवण जनुकांतून आली की हलाखीतून? त्या बाळांच्या आया स्वतः लहानखुऱ्या होत्या, गरोदरपणातही शेतात राबत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. गर्भ असताना बाळाची ‘परिस्थिती’ म्हणजे आईचं शरीर. आणि आईचं शरीर घडलं ते तिच्या आईच्या शरीरात, तिच्या बालपणीच्या ताटावर. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या सुइणींच्या जुन्या नोंदवह्या उघडून दाखवलं होतं की जन्मतः कमी वजनाची मुलं म्हातारपणी हृदयविकाराने जास्त मरतात. म्हणजे गरिबीसुद्धा, जनुकाला हात न लावता, दोन-तीन पिढ्या उतरत येऊ शकते. घराण्यात चालत आलेलं सगळंच जनुकांतून आलेलं नसतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की जनुकं दुबळी आहेत आणि सगळं परिस्थितीच ठरवते. तसं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल, आणि त्याविरुद्धचा सर्वांत चांगला पुरावा एका संरक्षक जनुकातून येतो. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन यकृतावरचे ते कोलेस्टेरॉल उचलणारे रेणू नष्ट करत असतं. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना टेक्ससमध्ये असे लोक सापडले, ज्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी झालेली आहे. परिणामी कोलेस्टेरॉल आयुष्यभर कमी. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासातल्या कृष्णवर्णीय सहभागींपैकी २.६ टक्क्यांमध्ये हा बिघाड होता. २००६मध्ये निष्कर्ष आला : त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी, आणि पंधरा वर्षांत हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी. हे लोक काही आरोग्याच्या नंदनवनात राहत नव्हते. त्या समूहात उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांचं प्रमाण मोठं होतं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाच्या वाट्याला जी सामाजिक परिस्थिती येते ती होतीच. एवढं सगळं असूनही एका मोडक्या जनुकाने त्यांना तारलं. जनुक परिस्थितीवर मात करू शकतं, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

पण गोष्ट इथे संपली नाही. या निसर्गाच्या प्रयोगाची नक्कल करणारी औषधं कंपन्यांनी बनवली. पीसीएसके-९ला अडवणारी दोन इंजेक्शनं २०१५मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. किंमत : वर्षाला सुमारे चौदा हजार डॉलर. विमा कंपन्या नकार देऊ लागल्या, आणि काही वर्षांनी किंमत बरीच खाली आणावी लागली. ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान मिळालं, त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांना ते औषध परवडण्याजोगं नव्हतं. नैसर्गिक बिघाड ऐपत न पाहता वाटला गेला होता; त्याची औषधी आवृत्ती मात्र ऐपत पाहूनच वाटली गेली.

झटका येऊन गेल्यानंतरचा हिशेबही पाहिला पाहिजे, कारण धोका म्हणजे केवळ झटका येण्याचा नव्हे, त्यातून न वाचण्याचाही. भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागला होता. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के मरण पावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. मग संशोधकांनी गणित फिरवून पाहिलं : दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक वजा केला तर? मृत्यूंमधला फरक नाहीसा झाला. वय, आजार, बाकीच्या धोक्याच्या बाबी वजा करून तो गेला नव्हता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, कोलेस्टेरॉलची गोळी, अँजिओप्लास्टी यांपैकी काय मिळालं आणि काय नाही, एवढ्याने तो गेला.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले ह्यू टन्स्टल-पीडो यांना अशाच एका विसंगतीने अस्वस्थ केलं होतं. कोणाला औषध द्यायचं हे ठरवायला डॉक्टर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासावरून तयार झालेलं सूत्र वापरत : वय, लिंग, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान वगैरे. त्यात ऐपतीचा रकाना नव्हता. परिणामी गरीब वस्तीतल्या माणसाचा धोका कमी दाखवला जाई आणि सुखवस्तू वस्तीतल्याचा जास्त. ज्याला गोळीची गरज जास्त त्याला ती मिळत नव्हती. म्हणजे विषमता मोजण्याचं यंत्रच ती वाढवत होतं. २००७मध्ये त्यांच्या गटाने ‘असाइन’ नावाचं नवं सूत्र दिलं. त्यात दोन रकाने वाढवले. एक, कुटुंबात कमी वयात हृदयविकार झाला आहे का. दुसरा, रुग्णाचा पिनकोड. कारण स्कॉटलंडमध्ये प्रत्येक पिनकोडचा वंचिततेचा निर्देशांक सरकारकडे तयार असतो. वंश आणि वस्ती एकाच गणितात. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ‘क्यूरिस्क-२’नेही तसंच केलं, आणि त्यात दक्षिण आशियाई वंशाचेही वेगवेगळे रकाने घातले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये जगाच्या प्रत्येक भागासाठी, आपल्यासाठीही, असे तक्ते केले. त्यांत वय, लिंग, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल आहे. कौटुंबिक इतिहास नाही, ऐपतही नाही. कौटुंबिक इतिहास घालायचा म्हटला तरी आपल्याकडे तो कोणाकडे असतो? भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आसपास मृत्यूंचं कारण डॉक्टरने लिहून दिलेलं असतं. ‘वडील कशाने गेले?’ या प्रश्नाला शहरातल्या फ्लॅटमध्ये ‘ॲन्टिरियर वॉल एमआय’ असं उत्तर मिळतं, फाइलसकट. गावाकडे ‘छातीत कळ आली, घाम फुटला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं’. बऱ्याचदा तेवढंही नाही. आजा कशाने गेला हे ठाऊक असणं हीसुद्धा एक ऐपत आहे.

एफएचच्या बाबतीत याची किंमत मोजता येते. एक रुग्ण सापडला की त्याची भावंडं आणि मुलं तपासायची, त्यांच्यातल्या निम्म्यांत ते जनुक सापडायची शक्यता, आणि ज्याच्यात सापडेल त्याला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लगेच सुरू. नेदरलँड्सने हे काम १९९४पासून सरकारी खर्चाने देशभर केलं. स्टॅटिन आता भारतात स्वस्त मिळते आणि कोलेस्टेरॉलची तपासणी तालुक्याच्या गावातही होते. अडतं ते पहिला रुग्ण ओळखण्यापाशी. अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल कोणी तपासलंच नसेल, तर त्याच्या धाकट्या भावाला बोलावणार कोण?

महाराष्ट्रात ऐपत विचारली जाते, नाही असं नाही. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास मोफत होते. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यासाठी पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागत असे. या योजनेने असंख्य प्राण वाचवले आहेत. फक्त शिधापत्रिकेचा रंग विचारला जात होता तो झटका आल्यानंतर, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर. डंडीचा डॉक्टर पिनकोड विचारतो तेव्हा समोरचा माणूस रक्तदाब दाखवायला आलेला असतो आणि त्याच्या छातीत अजून काहीही दुखत नसतं.